पावसाचा थर आत नको, बाहेर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पावसाळ्यातल्या मोटारसायकल सहलींवर आलेला लेख मी आवडीने वाचला. टायर, ब्रेक आणि घाटातल्या दरडी यांविषयी त्यात जे लिहिले आहे त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र कपड्यांच्या परिच्छेदात, आतून जलरोधक अस्तर असलेले एकच चांगले जॅकेट घ्यावे म्हणजे ऊन, पाऊस आणि थंडी या तिन्हींची सोय होते, असा जो सल्ला दिला आहे, तो सह्याद्रीच्या पावसात गाडी चालवणाऱ्याला पैसे घालवूनही ओले ठेवणारा आहे, असे मला चोवीस वर्षांच्या अनुभवावरून वाटते. हाच सल्ला दुकानांतही सर्रास मिळतो आणि मीही तो एकदा ऐकला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडचे पावसाळी हवामान बदलते म्हणजे किती बदलते, हे सांगण्यासाठी मी दर जुलैत करतो त्या फेरीचेच उदाहरण देतो. पुण्याहून सकाळी सहाला निघताना भुरभुर असते. पिरंगुट, पौड मागे टाकून मुळशीच्या जलाशयाच्या कडेने ताम्हिणीकडे वळलो की पाऊस पडत नाही, ओतला जातो. घाट उतरून विळे, निजामपूर करत माणगावला पोहोचेपर्यंत आभाळ कधी उघडतेही, पण तिथून महाडपर्यंत हवेत अशी वाफ भरलेली असते की थांबल्या जागी घामाच्या धारा लागतात. पोलादपूरहून आंबेनळी चढायला लागले की एक-दीड तासात तेराशे मीटर उंची गाठली जाते, तापमान सात-आठ अंशांनी उतरते आणि धुक्यात समोरच्या एस.टी.चे दिवे हाताच्या अंतरावर आल्यावर दिसतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तिथून पाचगणीमार्गे पसरणी घाट उतरून वाईला यावे तर तिथला वर्षाचा आकडा हजाराच्याही आत. जुलैतल्या दुपारी वाईला मी चक्क उन्हात उभा राहून चहा प्यालो आहे. म्हणजे एका दिवसात, एकाच अंगावर, चार वेगवेगळे ऋतू येऊन जातात, आणि त्या प्रत्येकाची अंगातल्या कपड्यांकडून मागणी वेगळी असते.

याच फेरीसाठी काही वर्षांपूर्वी मी असे एक तथाकथित बारमाही जॅकेट घेतले. विक्रेत्याने बाहीवर ग्लासभर पाणी ओतून दाखवले, अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब खाली गेले, आणि मी भुललो. वास्तविक त्या थेंबांचे श्रेय कापडावर फवारलेल्या रासायनिक लेपाला होते, तो लेप चार धुण्यांत विरतो आणि साध्या कपडे धुण्याच्या पावडरीने तर आणखी लवकर जातो. पण हे ज्ञान मला नंतर झाले. ताम्हिणीत शिरल्यावर वीस मिनिटांतच जॅकेटाचे बाहेरचे जाड कापड पाणी पिऊ लागले. आत चेनने जोडलेले जलरोधक अस्तर असल्यामुळे ते पाणी माझ्या बनियनपर्यंत आले नाही, हे कबूल केले पाहिजे, परंतु अस्तराच्या बाहेर असलेले सगळेच, म्हणजे खांद्याचे, कोपराचे आणि पाठीचे फोम, खिशातले पाकीट, टोलच्या पावत्या आणि एक क्रोसिनची पट्टी, ओलेकच्च झाले. माणगावला अस्तराच्या आत घामाने तेवढाच भिजलो. आंबेनळी चढताना त्या भिजलेल्या कापडावरून वारा वाहू लागला आणि माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने मी गार होत गेलो. प्रतापगडाच्या पायथ्याशी वाडा कुंभरोशीला टपरीवर थांबलो तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. रात्री मुक्कामाच्या खोलीत पंख्याखाली टांगलेले ते जॅकेट सकाळीही तितकेच ओले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ओल्या कापडात हात घालणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

यात त्या कंपनीने फसवले असे मी म्हणणार नाही. ती वस्तू वेगळ्या हवेसाठी घडलेली आहे. हे ‘पाणी आत येऊ न देणारे पण घाम बाहेर सोडणारे’ कापड ज्या पातळ पापुद्र्याच्या आधारावर चालते, त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे गोरटेक्स. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक झटक्याने ताणले आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेला पडदा तयार झाला. छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा फार लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा मोठी. परंतु वाफ त्यातून बाहेर पडते ती कुणी ढकलल्याशिवाय नाही. आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पदाबात जितका फरक, तितका तिला जोर. युरोपातल्या डोंगरात बाहेर दहा अंशांची थंड हवा असते, तेव्हा हा फरक चांगला मोठा असतो. महाडला जुलैत अठ्ठावीस अंश आणि नव्वद टक्क्यांच्या घरातली आर्द्रता असते, तेव्हा आतली हवा आणि बाहेरची हवा यांत वाफेच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही आणि तो महागडा पडदा साध्या रेक्झिनसारखा वागू लागतो. त्यातून बाहेरचे कापड पाण्याने गच्च भरले असेल, तर उरलीसुरली वाटही बंद.

म्हणून माझे म्हणणे इतकेच की आपल्या हवेत पाणी अडवण्याचे काम सर्वांत बाहेरच्या थराने करावे, तो थर स्वतंत्र असावा, आणि पाऊस थांबताच दोन मिनिटांत काढून टाकता यावा. त्याखाली जाळीचे, हवा खेळती राहील असे जॅकेट, आणि थंडी वाजेल तेव्हाच त्याच्या आत एक पातळ ऊबदार कपडा. यात नवे काही नाही. कोकणात भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचे इरले पाहावे : पाणी वरच्या वर निथळते, खाली अंगाला वारा लागतो, आणि काम संपले की ते कुडाला टेकवून ठेवले की झाले. ताशी साठच्या वेगाने इरले घालून जाता येणार नाही हे उघड आहे, पण पाणी कुठे अडवायचे याचा हिशेब त्या बाईचा आणि आपला एकच आहे.

आता हा बाहेरचा थर, म्हणजे साध्या भाषेत रेनकोट आणि रेनपँट, कसा घ्यावा. तो पोंचोसारखा एकसंध व घोळदार कधीही नसावा. वाऱ्याने तो फुगतो, तोंडावर येतो आणि त्याचा घोळ साखळीत किंवा मागच्या चाकात जाऊ शकतो. दोन तुकड्यांचा सूट घ्यावा, दुकानात जाताना आपले जॅकेट अंगात घालून जावे आणि त्यावरून तो चढवून पाहावा, कारण नेहमीच्या मापाचा रेनकोट जॅकेटावरून खांद्यात अडकतोच. मग उभे राहून नव्हे, तर स्टुलावर गाडीवर बसतो तसे पुढे झुकून, हात लांब करून बसावे. बाह्या मनगटापर्यंत येतात का, पँट गुडघ्यात वाकल्यावर घोट्याच्या वर सरकते का, हे तेव्हाच कळते. शिवणींच्या आतल्या बाजूला चिकटवलेली पट्टी बोटांनी चाचपून पाहावी आणि सर्वांत जास्त लक्ष पँटच्या मांड्यांमधल्या जोडावर द्यावे. तिथे चार शिवणी एकत्र येतात, वरून ओघळलेले पाणी टाकी आणि सीट यांच्यामध्ये साचून नेमके तिथेच तळे करते, आणि रेनसूट गळायला लागतो तो नव्वद टक्के वेळा याच जागी. या गळतीविषयी चारचौघांत तक्रारही करता येत नाही, हा आणखी एक त्रास. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असल्याने उजव्या पोटरीकडच्या बाजूला उष्णता सोसणारा पट्टा शिवलेला असेल तर उत्तम. माझ्या पहिल्या रेनपँटला पहिल्याच सहलीत तिथे रुपयाएवढे भोक पडले होते. रंगाच्या बाबतीत काळा आणि करडा टाळावा. धुक्यात पिवळा किंवा नारिंगी माणूस दिसतो. परावर्तक पट्टी मात्र पाठीवर सॅक असेल तर झाकली जाते, हे लक्षात ठेवून ती बाह्यांवरही आहे ना ते पाहावे.

या व्यवस्थेत एक गैरसोय आहे आणि ती मी लपवत नाही : सूट चढवायला थांबावे लागते, आणि पाऊस सुरू झाल्यावर घाटाच्या वळणावर गाडी उभी करून एका पायावर नाचणे धोक्याचे असते. त्यावर उपाय असा की पाऊस येण्याची वाट न पाहता पौडला किंवा पोलादपूरला, पेट्रोल पंपाच्या छपराखाली, कोरड्यातच सूट चढवावा. तो सामानाच्या तळाशी नव्हे, तर सगळ्यांच्या वर ठेवावा. इतके साधे आहे, पण दर वर्षी ताम्हिणीत रस्त्याच्या कडेला बॅग उपसत भिजणारी मंडळी मला दिसतात.

आतल्या कपड्यांविषयी दोनच गोष्टी सांगतो. सुती बनियन आणि जीन्स हे पावसाळी प्रवासाचे शत्रू आहेत; सुती कापड पाणी धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि कोकणातल्या हवेत दोन दिवस वाळत नाही. त्याऐवजी खेळाडू घालतात तसा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट बरा, आणि थंडीसाठी लोकर. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओला लागत नाही आणि त्याच्या कुरळेपणात अडकलेली हवा ऊब धरून राहते. माण-खटावचा धनगर भर पावसात मेंढरांमागे खांद्यावर घोंगडी घेऊन उभा राहतो तो याच बळावर. घोंगडी जॅकेटात मावणार नाही, पण लोकरीचा पातळ बिनबाह्यांचा स्वेटर मावतो. आणि वारा अडवण्याच्या बाबतीत तर आपल्या दैनिकाचाही मी ऋणी आहे. जानेवारीत पहाटे पुण्यात दहा अंश असताना ताशी साठच्या वेगाने जाणाऱ्याला ती हवा पाच अंशांसारखी झोंबते. एकदा नाशिककडे जाताना हुडहुडी भरली तेव्हा चाकणला आपला ताजा अंक घेऊन, चौपदरी घडी करून जॅकेटाच्या आत छातीवर ठेवला आणि संगमनेरपर्यंत सुखाने गेलो. अग्रलेख त्या दिवशी दुपारी वाचला.

जाळीचे जॅकेट म्हटले की सुरक्षिततेचा प्रश्न निघतो, आणि तो रास्त आहे. डांबरावर घसरताना जाळी जाड कापडाइतकी टिकत नाही. परंतु सगळ्या जाळ्या सारख्या नसतात. युरोपात २०२० सालापासून ईएन १७०९२ हे मानक आहे, त्यात मोटारसायकलच्या कपड्यांना ‘ट्रिपल ए’, ‘डबल ए’ आणि ‘ए’ अशा उतरत्या श्रेणी दिल्या जातात आणि ती श्रेणी कपड्याच्या आतल्या लेबलावर मोटारसायकलस्वाराच्या छोट्या चित्राखाली छापलेली असते. खांदे, कोपर आणि पाठ यांच्या पॅडसाठी ईएन १६२१ हे वेगळे मानक आहे, त्यात पहिली आणि दुसरी अशा दोन पातळ्या. दुकानदार ‘सीई सर्टिफाइड आहे’, म्हणजे युरोपीय मानकांना उतरलेले आहे, असे म्हणतो तेव्हा बहुधा फक्त पॅडचे बोलत असतो. पॅड प्रमाणित असले म्हणून ज्या कापडात ते बसवले आहे तेही प्रमाणित ठरत नाही. तेव्हा कपड्याचे लेबल दाखवा असे सांगावे, आणि खांदे-कोपरांवर जाळी नसून जाड कापड आहे ना, हे पाहावे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेटची सक्ती करते, जॅकेटाविषयी ते काही म्हणत नाही, त्यामुळे ही पारख ग्राहकानेच करायची आहे.

याच संदर्भात अस्तराच्या जॅकेटाची आणखी एक खोड सांगायला हवी. दोन-दोन अस्तरे मावावीत म्हणून ते ढगळ शिवलेले असते. उन्हाळ्यात अस्तरे काढली की ते अंगावर लोंबते आणि कोपराचे पॅड दंडाभोवती फिरते. पडण्याच्या क्षणी पॅड कोपरावर नसेल, तर त्याची पातळी पहिली असो की दुसरी, उपयोग एकच. कातड्याचे जॅकेट घसरण्यात सर्वांत भरवशाचे, हे खरे, पण कोकणातल्या एका मुक्कामात त्यावर जी बुरशी चढते ती पाहिल्यावर मी माझे दसऱ्यापर्यंत कपाटातच ठेवतो.

हातापायांचे थोडक्यात उरकतो. रेनकोटाची बाही हातमोज्याच्या वर यावी, आत नव्हे, नाही तर दंडावरून ओघळलेले पाणी थेट मोज्यात उतरते. बूट जलरोधक असले तरी पँट त्यांच्या बाहेरून यावी. बूट साधे असतील तर पायमोज्यावर दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी चढवून मग पाय बुटात घालावा. ही युक्ती मला भोरच्या एका मेकॅनिकने शिकवली आणि हजारो रुपयांच्या बुटांनी तिच्यापुढे फार काही जास्त केलेले नाही. हेल्मेटच्या काचेला आतून बसवायची पिनलॉकची दुसरी पातळ काच मिळते, ती दोन काचांमध्ये कोरडी हवा कोंडून वाफ धरू देत नाही. चष्मा वापरणाऱ्याला तिचा अर्धाच फायदा, कारण चष्म्यावर वाफ येतेच. अशा वेळी काच बोटभर उघडी ठेवून पाण्याचे शिंतोडे सोसावेत.

लेखकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्या-मुंबईहून जूनपासून सप्टेंबरपर्यंत लेह-लडाखला निघणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे, आणि तिथे लेखकाचा सल्ला बऱ्याच अंशी बरोबर ठरतो. हवा कोरडी आणि थंड, पाऊस झाला तर तासाभराचा, आणि पाच हजार मीटरच्या खिंडींत वारा अडवणारे आतले अस्तर हवेच असते. ज्यांचे खिसे मोठे आहेत त्यांनी जलरोधक पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेले, ज्याला लॅमिनेट म्हणतात ते, जॅकेट घ्यावे. त्याचे बाहेरचे कापड स्पंजासारखे पाणी धरून बसत नाही. परंतु महाराष्ट्रातला बहुसंख्य मोटारसायकलस्वार शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परतणारा आहे, आणि त्याचा रस्ता ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली किंवा आंबोलीचा आहे. त्याने जाळीचे चांगले जॅकेट घेऊन उरलेल्या पैशांतून दोन-अडीच हजारांचा रेनसूट घ्यावा.

शेवटी, लेखात मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचा उल्लेखच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. चालवणारा निदान हात, पाय, मान हलवत असतो. मागचा माणूस नुसता बसून असतो आणि म्हणून लवकर गारठतो. पुढच्याच्या पाठीवरून निथळणारे पाणी त्याच्या मांडीवर येते आणि मागच्या चाकाने उडवलेला चिखल त्याच्या पाठीवर. माझी पत्नी आंबेनळीत एकदा म्हणाली होती, ‘तुम्हाला निदान हँडल तरी आहे धरायला, मी काय करू?’ त्यानंतर तिच्यासाठी माझ्याइतकाच चांगला सूट घेतला, आणि मांड्यांमधला तो जोड तिच्या सुटाचा मी जास्त काळजीने चाचपला. तरीही ओढणी, साडीचा पदर आणि रेनकोटाची खालची कड यांचा धोका राहतोच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ क्रमांकाच्या नियमानुसार मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण मोटारसायकलला असावे लागते. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. लांबच्या सहलीसाठी गाडी सजवताना अनेक जण ते पहिल्यांदा काढून टाकतात, कारण फोटोत ते बरे दिसत नाही. पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येणार असेल, तर त्यात मागच्या सीटसाठी एक परिच्छेद राखून ठेवावा, ही विनंती.

पत्र लांबले, त्याबद्दल क्षमस्व.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे